अनाथ बंब

रोझालियाचं पत्र ऑगस्टात आलं होतं, आणि नोव्हेंबर सरत आला तरी एमिल हुडाकनं त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र हरवलं होतं असं नाही. ते जाड शब्दकोशात जपून ठेवलेलं होतं. रोज रात्रीचं जेवण झालं की तो ते काढायचा, वाचायचा, पुन्हा आत ठेवायचा. घड्या इतक्या झिजल्या होत्या की एका पत्राची चार पत्रं व्हायला आली होती.

रोझालियानं लिहिलं होतं :

‘एमिल, नवऱ्याच्या मागं एकटीला झेपत नाही, म्हणून मी क्लीव्हलँडचं घर विकतेय. भाचीनं माझ्यासाठी ॲरिझोनात म्हाताऱ्यांच्या वसाहतीत जागा बघितलीय. तिथं बर्फ पडत नाही आणि सगळे गोल्फ खेळतात म्हणे. मला गोल्फ येत नाही. तुझ्याकडची वरची खोली, म्हणजे माझीच जुनी खोली, रिकामी असल्याचं कळलं. भाड्यानं देशील का? आणि तळघरातल्या टेबलाशी अजून एका माणसाला जागा आहे का? भाचीला एक डिसेंबरच्या आत सांगायचंय. फोन करू नकोस. फोनवर तू मुका होतोस हे मला माहीत आहे. कार्डावर नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल.

ता. क. खोलीत पलंगाच्या वर तळ्याचं चित्र होतं, आठवतं? त्याला कान लावला की खाली तळघरात तुझी आई काय बोलते ते मला शब्द न् शब्द ऐकू यायचं. तू बोलायचास तेही. एकदा तू माझ्याबद्दल तिला काय म्हणालास ते मी ऐकलं होतं. अजून विसरले नाही.’

घोडं अडलं होतं ते या ताज्या कलमापाशी.

तो काय म्हणाला होता हे एमिललाही लख्ख आठवत होतं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. आई तळघरात पीठ लाटत होती, तो टेबलाच्या कडेला पुस्तक घेऊन बसला होता, आणि एकदम म्हणाला होता, “रोझालिया वर चालायला लागली की मला वाचता येत नाही.” आई नुसती हसली होती. दोन वर्षांनी वरच्या भाडेकरूंची ही मुलगी लग्न होऊन क्लीव्हलँडला गेली, आणि पुढे वाचायला एमिलला आख्खं आयुष्य निवांत मिळालं. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, राहून गेलं.

आता त्र्याहत्तराव्या वर्षी त्याला प्रश्न पडला होता की रोझालियानं ते वाक्य कसं घेतलं असेल. तक्रार म्हणून? पावलं वाजवू नकोस, असं? तसं असेल तर उत्तराची सुरुवात माफीनं करायला हवी. आणि तसं नसेल तर माफी मागणं म्हणजे मूर्खपणाचा कळस. त्यानं एकोणीस कच्ची उत्तरं लिहिली होती. एमिल अडतीस वर्षं एका स्लोव्हाक छापखान्यात मुद्रितशोधक होता. चर्चची दिनदर्शिका, प्रार्थनांची पुस्तकं, एक साप्ताहिक, असं सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता हात असा बसला होता की स्वतःचं वाक्य कागदावर उतरायच्या आत तो मनातल्या मनात त्यावर काट मारायचा.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी तळघरातला गॅसचा बंब बुडाशी गळायला लागला, तेव्हा खरं सांगायचं तर एमिलला हायसं वाटलं. ज्या घरात गरम पाणी नाही त्या घरात कुणाला कसं बोलवायचं? उत्तर न देण्याला अखेर एक सभ्य कारण मिळालं.

पण सोमवारी बर्नी आली आणि संध्याकाळपर्यंत तिनं ते कारण मोडीत काढलं.

बर्नी, म्हणजे बर्नाडेट कोत्सूर, बापाच्या पश्चात नळकामाचा धंदा चालवणारी पन्नाशीची बाई. अंगानं दणकट, बोलायला मोकळी. पिट्सबर्गच्या या टेकडीवरची निम्मी तळघरं तिच्या पायाखालची. स्लोव्हाक लोक मामाला उय्को आणि मावशीला तेता म्हणतात, आणि या टेकडीवर साठी ओलांडलेला प्रत्येक पुरुष सगळ्यांचाच उय्को असतो.

जुना बंब तिनं उचलून बाहेर नेला, त्याच जागी तेवढाच नवा उभा केला, त्याच्या डोक्यावरचा पत्र्याचा नळ विटांच्या जुन्या धुराड्याला जोडला, बंब पेटवला आणि काडी ओढून त्याच्या टोपीपाशी धरली. बंबाच्या टोपीला खालून चहूकडे फट असते. धूर वर ओढला जात असेल तर काडीची ज्योत आत वळते, जात नसेल तर ज्योत तुमच्याकडे बघते. ज्योत आत वळली, पण अगदी आळसटल्यासारखी.

“उय्को, हा तुमचा बंब अनाथ आहे,” बर्नी म्हणाली.

“म्हणजे?”

“आमच्या धंद्यात असंच म्हणतात. आधी घर तापवायची भट्टी आणि बंब, दोघांचा धूर या एकाच धुराड्यातून जायचा. भट्टी दांडगी. ती धुराडं असं तापवायची की बंबाचा धूर तिच्या जोडीनं आपसूक वर जायचा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही नवी भट्टी घेतलीत. तिचा धूर प्लास्टिकच्या नळीनं थेट भिंतीतून बाहेर जातो. इथं मागं राहिला हा बारका बंब, एकटा. एवढं मोठं गारठलेलं धुराडं त्याच्यानं तापतंय होय? धूर अर्ध्या वाटेत गार पडतो, त्याचं पाणी होतं, ते भिंतीनं खाली ओघळतं आणि चुना खातं.”

एमिल बंबाकडे बघत राहिला. गारठलेल्या मोठ्या घरात मागं राहिलेला एकटा. लगेच त्याच्या डोक्यातली लाल पेन्सिल उठली : उपमा फार उघड. काढावी.

“मग उपाय?”

“धुराड्याच्या आतून स्टीलची बारीक नळी सोडायची, वरपासून खालपर्यंत. बारक्या बंबाला बारकी वाट. मग धूर गरम राहतो आणि धावत जातो. नळी उद्या सकाळी घेऊन येते. पण आता इकडे बघा.” तिनं खिडकीतल्या पंख्याचं बटण दाबलं.

तो पंखा एमिलच्या वडिलांनी पोलाद कारखान्याच्या खाणावळीतून भंगारात आणला होता. कारखान्यातले बाप्ये पूर्वी तळघराच्या दारानंच घरात शिरायचे, तिथंच अंग धुवायचे, तिथंच जेवायचे. वरचं स्वयंपाकघर नुसतं बघायला. म्हणून खरी चूल, खरं टेबल आणि हा विमानासारखा गरजणारा पंखा, सगळं तळघरात.

बर्नीनं पुन्हा काडी धरली. या वेळी ज्योत सरळ तिच्या बोटांवर आली आणि विझली.

“बघितलंत? पंखा घरातली हवा बाहेर फेकतो. मग घर कुठून तरी हवा ओढणारच. ते धुराड्यातून ओढतं, बंबाच्या धुरासकट. त्या धुराला वास नसतो, पण तो माणूस मारतो. मी येईपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही. ही खिडकी बोटभर उघडी राहू दे. तुळईवर विषारी वायूचा भोंगा लावून ठेवलाय. आणि उद्या मंगळवार. तेता इर्मा आणि मंडळी येणार ना पिरोही करायला? त्यांना सांगा.”

“सांगतो,” एमिल म्हणाला. म्हणाला खरा.

नाताळच्या आधीच्या दर मंगळवारी चर्चमधल्या पाच बायका एमिलच्या तळघरात जमायच्या आणि विकण्यासाठी शेकड्यांनी पिरोही करायच्या. बटाट्या-चीजचं सारण भरायचं, करंजीसारखी मुडपायची, उकळत्या पाण्यात सोडायची, वर लोण्यात परतलेला कांदा. त्यांची म्होरकी इर्मा झुर्को, वय एक्क्याऐंशी. तिला काही सांगायचं म्हणजे आधी तिचं बोलणं थांबायला हवं, आणि ती संधी अजून कुणाला मिळाली नव्हती.

तेव्हा एमिलनं लेखी सूचना करायचं ठरवलं. सकाळी सहाला तो टेबलाशी बसला. ‘पंखा लावू नये.’ हे फार सरकारी वाटलं. ‘पंखा लावू नका.’ उद्धट. ‘सविनय सूचना : काही तांत्रिक कारणास्तव’ इथपर्यंत तिसरा खर्डा आला आणि तळघराचं दार धाडकन उघडलं.

“एमिल, खिडकी कुणी उघडी टाकली रे?” इर्मा. हातात पिठाचं भलं मोठं घमेलं. “पिठाला वारा लागला की पापुद्रा धरतो हे तुला तुझ्या आईनं शिकवलं नाही?”

“ते... बर्नीनं...”

“बर्नीला नळ कळतात, पीठ नाही. ए, लावा गं ती.”

फाबियानांच्या दोघी बहिणींनी खिडकी लावली आणि फटींवर चिकटपट्टी मारली. आणखी एकीनं दाराच्या खाली ओला टॉवेल कोंबला. दर वर्षीचा रिवाज होता : पिरोहीच्या पिठाला वारा लागू द्यायचा नाही. आणि कांद्याचा वास वरच्या पडद्यांना लागू द्यायचा नाही, हा दुसरा रिवाज. इर्मानं जाता जाता पंख्याचं बटण दाबलं.

“इर्मा, तो पंखा जरा...” एमिल म्हणाला. पंखा गरजला. इर्मा फाबियानांच्या धाकटीला सांगत होती की तिनं लाटलेली पोळी म्हणजे बुटाचा तळवा आहे.

एमिलनं हातातला खर्डा खिशात घातला आणि नेहमीसारखा बंबाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसला. बायकांच्या वाटेत न येणारी तेवढीच जागा होती. मनाशी म्हणाला, पाण्याचा वापर सुरू झालेला नाही, बंब पेटलेला नाही, तोवर काही होत नाही. योग्य क्षण आला की सांगू.

योग्य क्षण आला नाही. पातेली धुवायला कुणीतरी गरम पाणी सोडलं. बंबाच्या पोटात भप्प झालं. थोड्या वेळानं एमिलच्या चष्म्यावर धुकं आलं.

त्यानं चष्मा पुसला. पुन्हा धुकं. आधी वाटलं, चुलीवरच्या पातेल्याची वाफ. मग वाटलं, आपले डोळेच गेले असतील, वय झालं. मग त्यानं हात वर करून बंबाच्या टोपीपाशी धरला, आणि तळव्याला गरम, ओला श्वास लागला.

त्या क्षणी त्याला पहिल्यांदाच काट मारावीशी वाटली नाही.

“बाहेर!”

पाचही बायका जागच्या जागी थिजल्या. एमिल हुडाकला आवाज आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“सगळ्या जणी बाहेर! आत्ता! पीठ राहू दे!” त्यानं बंबाची चावी फिरवली, पंखा बंद केला, टॉवेल लाथेनं उडवला आणि दार सताड उघडलं.

“अरे, वारा—” इर्मा म्हणाली.

“खड्ड्यात गेलं तुमचं पीठ, इर्मा! चला!”

इर्मा गेली. एक्क्याऐंशी वर्षांत तिच्या पिठाला असं कुणी बोललं नव्हतं. धक्क्यापोटी ती घमेल्यासकट बाहेर गेली. बायका फुटपाथवर उभ्या, कोपरापर्यंत मैदा, डोक्याला रुमाल, समोरचे शेजारी खिडकीतून बघतायत. इर्माला वाचा फुटणार तेवढ्यात आत भोंगा केकाटायला लागला.

फाबियानांच्या थोरलीनं क्रूसाची खूण केली. धाकटीनं तिचं बघून केली.

दहाच्या ठोक्याला बर्नीची गाडी आली. छतावर स्टीलच्या लवचीक नळीचं वेटोळं बांधलेलं होतं. फुटपाथवरची जत्रा बघून ती काय ते समजली. आधी आत जाऊन सगळी दारं-खिडक्या उघडल्या, यंत्रानं हवा तपासली, प्रत्येकीला डोकं दुखतंय का, मळमळतंय का विचारलं. कुणालाही काही झालं नव्हतं. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“पंखा कुणी लावला?”

“मी,” इर्मा म्हणाली. “मला कुणी सांगितलंच नाही.”

सगळ्यांनी एमिलकडे बघितलं. एमिलनं खिशातून मुकाट्यानं खर्डा काढून दिला. इर्मानं तो लांब धरून वाचला.

“‘सविनय सूचना : काही तांत्रिक कारणास्तव...’ एमिल, आम्ही मेलो असतो तर हेच लावलं असतंस का रे आमच्या थडग्यावर? दुरुस्त्या करून?”

“माझी चूक झाली,” एमिल म्हणाला.

“झालीच. पण ओरडलास झकास.” तिनं कागदाची घडी घालून एप्रनमध्ये ठेवली. “भोंग्याच्याही आधी. हे मी ठेवते, सगळ्यांना दाखवायला.”

बर्नी छपरावर चढली. काम सोपं होतं : वरून दोराला वजन बांधून धुराड्यात सोडायचं, ते तळघरातल्या भोकातून बाहेर काढायचं, नळीचं टोक दोराला बांधायचं आणि खालून ओढायचं. वरून ती ढकलणार. खाली माणसं हवीत.

“माणसं कशाला? आम्ही आहोत की,” इर्मा म्हणाली.

तळघरात पाच बायका आणि एमिल एकामागे एक दोर धरून उभे राहिले. इर्मानं ताल धरला, “हेय् रुप्!” दोर सरकला. “हेय् रुप्!” पुन्हा सरकला. हातांचा मैदा दोराला लागून तो पांढरा झाला, धुराड्यातली काजळी खाली येऊन बायका काळ्या झाल्या. फाबियानांची धाकटी हसत हसत बुडावर बसली, आणि एमिललाही हसू फुटलं. शाळा सुटल्यापासून कुणाच्या रांगेत उभा राहून तो असा हसला नव्हता.

आणि नळी अडकली.

ओढली, ढकलली, फिरवली. दोर ताठ, नळी ढिम्म. बर्नी खाली आली, कपाळावर काजळीचा पट्टा.

“वरच्या मजल्याच्या उंचीवर धुराड्याला बाक आहे. नळीचं नाक त्या बाकाच्या विटेत बसलंय. आत हात घालून एक धक्का दिला की सुटेल. पण हात घालायला भोक पाहिजे, म्हणजे भिंत फोडायला हवी. आणि नेमकी कुठं फोडायची कळत नाही. अंदाजानं फोडत बसले तर खोलीची चाळण होईल. नाहीतर नळी परत काढते, आणि मग दुसऱ्या कुठल्या तरी वाटेनं बंबाचा धूर काढायचा. ते बेस्तवारचा थँक्सगिव्हिंगचा सण झाल्यावर. पुढचा आठवडा, कदाचित त्याच्या पुढचा.”

त्याच्या पुढचा आठवडा म्हणजे डिसेंबर. एमिलनं मनात मोजलं. एक तर वरच्या खोलीची चाळण, नाहीतर डिसेंबरपर्यंत पाणी गार, आणि भाचीला एक तारखेच्या आत सांगायचं. गेले तीन महिने तो कारण शोधत होता आणि आता इतकं भक्कम कारण आयतं समोर आलं होतं. पण ते त्याला घ्यावंसं वाटेना. तेव्हा कुठं त्याला कळलं की आपल्याला कारण नकोच होतं.

पत्र त्याला पाठ होतं. तो ते मनात पुन्हा म्हणायला लागला, निरोप घेतल्यासारखा. ताज्या कलमापाशी आला आणि थबकला. *त्याला कान लावला की खाली तळघरात तुझी आई काय बोलते ते मला शब्द न् शब्द ऐकू यायचं.*

त्यानं हे वाक्य शंभरदा वाचलं होतं. प्रत्येक वेळी स्वतःच्या लाजेपायी वाचलं होतं. वाक्य काय सांगतंय इकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. चित्राला कान लावून दोन मजल्यांखालचं कुणाला ऐकू येतं?

“बर्नी,” तो म्हणाला. “मला नक्की माहीत नाही. मी चुकत असेन.”

“बोला, उय्को.”

“म्हणजे बहुधा चुकतच असेन...”

“एमिल!” इर्मा कडाडली. “सकाळी ओरडलास तसं बोल!”

“वरच्या खोलीत पलंगाच्या वर तळ्याचं चित्र होतं. मला वाटायचं चौकटीतलं असेल. पण त्यातून खालचं बोलणं ऐकू यायचं. म्हणजे ते चित्र नव्हतं. झाकण होतं. फार पूर्वी भाडेकरूंची कोळशाची शेगडी वर होती, तिची नळी याच धुराड्यात जात असणार. शेगडी काढली आणि भोकावर...”

“पत्र्याची थाळी!” बर्नीनं मांडीवर थाप मारली. “माझ्या आजीकडे होती, मांजराचं चित्र असलेली. उय्को, चला!”

सगळी वरात वर गेली. खोलीत फुलाफुलांचा भिंतीचा कागद होता, नंतरच्या भाडेकरूनं लावलेला. पलंगाच्या जागी बर्नीनं बोटांनी टकटक करत भिंत चाचपली. टक टक टक, आणि एकदम टण्ण. सुरीनं कागद कापला. आत जेवणाच्या ताटाएवढी गोल पत्र्याची थाळी होती. निळं तळं, मागं डोंगर, एक होडी. रंग जसाच्या तसा.

बर्नीनं थाळी उपसली. धुराड्याचं काळं तोंड उघडलं, आणि वीतभर वर नळीचं चकचकीत नाक विटेला टेकून बसलेलं. बर्नीनं खांद्यापर्यंत हात घातला, हुंकारली, आणि नळी खणकन सुटून खाली गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“उय्को, हे बरं आठवलं,” बर्नी हळू म्हणाली. “धूर खाली उलटतो तसा इथंही आला असता. नुसत्या कागदामागं पत्रा. या खोलीत कुणी झोपलं असतं तर...” तिनं बोटांनी भोकाचं माप घेतलं. “आजच विटा लावून बुजवते.”

एमिलनं थाळी दोन्ही हातांत घेतली.

“पण तुला कसं कळलं रे, यातून ऐकू यायचं ते?” इर्मानं विचारलं. “या खोलीत तर रोझालिया राहायची.”

एमिलचे कान लाल झाले. “तिनं लिहिलंय. पत्रात.”

“ऑगस्टातल्या?”

एमिलनं चमकून बघितलं.

“अरे, खोली रिकामी आहे असं तिला मीच कळवलं होतं! मग सप्टेंबरात तिचं मला पत्र, एमिलचं उत्तर नाही म्हणून. मला वाटलं, तू नाही म्हणायचं ठरवलंयस आणि तोंडानं सांगवत नाहीये. म्हणून मी त्यात पडले नाही. तीन महिने मी गप्प बसले, एमिल! एवढी गप्प मी नवरा गेला तेव्हाही नव्हते. तुला नको आहे का ती?”

खोलीत पाच काळ्या-पांढऱ्या बायका आणि एक नळवाली त्याच्याकडे बघत होत्या. एमिल थाळीवरच्या होडीकडे बघत होता.

“हवी आहे,” तो म्हणाला.

“मग उत्तर का नाही दिलंस?”

“नीट जमत नव्हतं.”

“नीट!” इर्मानं छताकडे बघितलं. “देवा, हा नीट लिहीपर्यंत मला जिवंत ठेव.”

दुपारी दोनपर्यंत नळी बंबाला जोडून झाली. वरचं भोक विटांनी बुजलं. बर्नीनं भिंतीतून हवेचा एक कायमचा पाइप बंबाच्या मागं आणून सोडला, आणि पंख्याचा वेग अर्ध्यावर बांधून टाकला.

“तेता, हा पाइप बुजवायचा नाही. टॉवेल कोंबायचा नाही. पंखा हवा मागेल ती त्याला इथून मिळेल.”

“आणि माझं पीठ?”

“वारा बंबाच्या पाठीशी येतो, टेबलाकडे येत नाही. तुम्हीच बघा.” तिनं काड्यांची पेटी इर्माच्या हातात दिली. दारं-खिडक्या लावल्या, पंखा सुरू केला, वरच्या मजल्यावरचा न्हाणीतला पंखाही. बंब पेटवला. “धरा काडी.”

इर्मानं काडी ओढली आणि बंबाच्या टोपीपाशी नेली. ज्योत वाकली, लांब झाली आणि कुणी आतून हाक मारावी तशी सरळ आत शिरली. इर्मानं दुसरी ओढली. तिसरी ओढली. चौथ्या काडीला बर्नीनं पेटी काढून घेतली.

मग पिरोही उकळल्या, कांदा लोण्यात तडतडला, आणि सगळे टेबलाशी बसले. बर्नीनं बारा खाल्ल्या. एमिलनं चार खाल्ल्या आणि ताट बाजूला सारलं.

“चारची डाक निघेल,” इर्मा घड्याळाकडे बघत म्हणाली, कुणालाच न सांगितल्यासारखी.

एमिलनं कागद ओढला. टेबलावर मैदा होता, लोणी होतं. पाचही जणी आपापल्या ताटात बघायला लागल्या, इतक्या मन लावून की तेवढ्यानंच त्याला घाम फुटला. त्यानं लिहिलं :

‘रोझालिया, हो.

टेबलाशी जागा आहे. खोलीही तुझीच आहे. तळ्याची थाळी सापडली, होडी तशीच आहे. भोक आता बुजवलं आहे, म्हणून थाळी खिळ्याला टांगतो. तिला कान लावून यापुढे काही ऐकू येणार नाही. तेव्हा जे ऐकायचं ते खाली येऊन ऐक.

तू ऐकलंस ते खरं होतं. तेव्हा तू वर चालायचीस म्हणून मला वाचता यायचं नाही. आता वर कुणी चालत नाही म्हणून येत नाही.

गरम पाणी आहे.

एमिल’

“वाचून दाखव,” इर्मा म्हणाली.

“नाही,” एमिल म्हणाला, आणि पाकीट चिकटवलं. इर्मा बघतच राहिली. एका दिवसात दोनदा त्यानं तिला गप्प केलं होतं.

बाहेर थंडी कडक होती, आकाश स्वच्छ. समोर त्याच्या घराच्या धुराड्यातून वाफेची बारीक सरळ रेघ वर जात होती. निळी टपालपेटी उताराच्या तळाशी होती. अर्ध्या वाटेत त्याला आठवलं की आपण पत्रावर तारीख घातली नाही. आणि ‘हो’वर लोण्याचं बोट उमटलंय, ते रोझालियाला दिसणार. पाय थांबले. अडतीस वर्षांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

मागून आवाज आला. इर्मा तळघराच्या दारात उभी होती, थंडीत, नुसत्या एप्रनवर. “एमिल! उतार खालच्या बाजूला आहे!”

तो चालायला लागला.

पेटीचं झाकण ओढलं, पाकीट आत टाकलं, झाकण सोडलं. मग पुन्हा एकदा ओढून बघितलं, पाकीट खरंच खाली गेलं का ते. गेलं होतं.